संगणकाआधी कागद

‘मुलगी स्पर्धांसाठी प्रोग्रॅमिंग शिकतेय, पण आम्हाला त्यातलं काही कळत नाही,’ असं म्हणणाऱ्या पालकांच्या हाती झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका जरूर द्याव्यात. १९८९ साली बल्गेरियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या वाटेवरची ही आपल्याकडची परीक्षा. या प्रश्नपत्रिका सोडवायला संगणक लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

प्रश्नांची रचना चांगली आहे. एकच कोडं वेगवेगळे आकडे घेऊन तीनदा विचारलेलं असतं. एखादं चाचपडत सुटतं. तिन्ही सोडवायची तर रीत शोधावी लागते.

उणीव मात्र मोठी आहे. उत्तर म्हणून फक्त संख्या मागितलेली असते. त्यामागचा विचार दिसत नाही. समजा, १, ३ आणि ४ रुपयांची नाणी आहेत आणि कमीत कमी नाण्यांत ६ रुपये द्यायचे आहेत. मोठं नाणं आधी उचललं, तर ४, १, १ अशी तीन नाणी लागतात. खरं तर ३ आणि ३ अशी दोनच पुरतात. आपल्या १, २, ५, १०च्या नाण्यांना तीच रीत चालते. मग इथे का फसली?

हे प्रश्नपत्रिका विचारत नाही. पालकांनी विचारावं. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. ‘आज किती सुटली?’ याऐवजी ‘कुठे अडलीस?’ असं विचारून शांतपणे ऐकावं लागतं. पुढच्या पालकसभेत शिक्षकांनी नाण्यांचं हे कोडं जरूर घालून पाहावं.