निवडलेली अडचण आणि नडलेली अडचण

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण प्रश्न आपला नेहमीचाच आहे. एखादी कृती चांगली आहे, हे ठरवायचं कशावरून? फक्त आज ही कृती म्हणजे कादंबरी नाही, चित्र नाही. व्हिडिओ गेम आहे, आणि तोही वीस-तीस वर्षांपूर्वीचा. असे कितीतरी गेम आज सेलमध्ये अगदी थोड्या पैशांत मिळतात. त्यांतले कोणते घ्यावेत, कोणते खेळावेत आणि कोणते खुशाल सोडून द्यावेत?

स्वस्त आहेत तर घ्या की सगळे, असं कोणी म्हणेल. पण इथली खरी किंमत रुपयांत नाही, तासांत आहे. सिनेमा तीन तासांत संपतो. कादंबरी आवडली नाही तर चाळता येते, शेवटचं प्रकरण आधी वाचता येतं. गेम चाळता येत नाही. दहाव्या पातळीवर काय आहे ते बघायचं तर आधीच्या नऊ पार कराव्या लागतात. मोठा गेम चाळीस-पन्नास तास सहज खातो. नोकरी-संसार सांभाळून रोज पाऊण तास खेळणाऱ्याचे त्यात दोन महिने जातात. म्हणून निवड करावी लागते, आणि निवड आली की निकष आला.

लोक साधारणपणे दोन निकष वापरतात. दोन्ही मला अपुरे वाटतात.

पहिला निकष इतिहासाचा. ‘सर्वकाळचे शंभर श्रेष्ठ गेम’ अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत बरीच नावं ‘हा पहिला’ म्हणून आलेली असतात. १९९२ सालचा ‘ड्यून टू’ घ्या. तळ उभारायचा, संपत्ती गोळा करायची, सैन्य घडवायचं, आणि हे सगळं समोरचा शत्रू थांबलेला नसताना करायचं, अशा खेळांचा साचा त्याने घालून दिला. पुढे ज्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळला, ते त्याच साच्यात खेळले. पण ‘ड्यून टू’मध्ये एका वेळी एकाच तुकडीला हुकूम देता येतो. वीस रणगाडे पुढे पाठवायचे तर वीस वेळा निवडा, वीस वेळा सांगा. या गेमचं श्रेय नाकारायचं नाही. पण श्रेय इतिहासात नोंदवायचं असतं, त्यासाठी आपले तीस तास द्यायला लागत नाहीत. वाफेचं इंजिन थोर होतं म्हणून आपण आज त्याच्यामागे बसून पुण्याला जात नाही.

दुसरा निकष आठवणीचा. आज जे पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांनी टीव्हीला जोडायच्या खेळात कॅसेट फुंकून लावलेली आहे, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ खेळलेला आहे. तोच गेम ते आज हौसेने पुन्हा घेतात, वीस मिनिटं खेळतात आणि बंद करतात. कारण हवी होती ती मे महिन्याची सुट्टी, शेजारी खुर्ची ओढून बसलेला मित्र. ते सेलमध्ये मिळत नाही. आठवण खोटी असते असं मी म्हणत नाही. ती तुमची असते, गेमचा गुण नसते, एवढंच.

मग तिसरा, जरा भारदस्त निकष येतो, तो म्हणजे काळाचा. डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्याचा एक मुद्दा असा की फॅशन, मत्सर, ओळखीपाळखी हे सगळं गळून गेल्यावरही जे लोकांना आवडत राहतं, त्यावर विश्वास ठेवावा. होमर असा टिकला. गेमच्या बाबतीत ‘टेट्रिस’ असा टिकला. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हने तो लिहिला, आणि आजही कुणाच्या हातात दिला तर त्याला सांगावं काहीच लागत नाही.

पण ह्यूमच्या चाळणीची एक अट आहे. चाळायला धान्य चाळणीत पडलेलं पाहिजे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकतच मिळत नाहीत, असं तिचं म्हणणं. जुनी यंत्रं गेली, हक्क कोणाकडे आहेत याचा गोंधळ झाला, ऑनलाइन दुकानं बंद झाली. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या कन्सोलांचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. म्हणजे जे उरलंय ते सगळं काळाने निवडलेलं नाही. बरंचसं व्यवहाराने निवडलेलं आहे. ‘टिकला म्हणून चांगला’ हे इथे जेमतेम अर्धं खरं, आणि ‘मिळत नाही म्हणजे टाकाऊ असणार’ हे तर साफ चूक.

आता मला काय म्हणायचंय ते सांगतो. बर्नार्ड सूट्स नावाचे तत्त्वज्ञ होते. कॅनडात शिकवायचे. १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात त्यांनी खेळाची व्याख्या केली. ती माझ्या भाषेत सांगायची तर, गरज नसलेली अडचण आपणहून पत्करणं आणि ती पार करायला धडपडणं, म्हणजे खेळ. लंगडी आठवा. समोरच्याला पकडणं एवढंच साधायचं असेल तर दोन पायांवर धावून पकडणं सोपं. आपण एक पाय मुडपून घेतो. का? कारण पाय मुडपला नाही तर लंगडी उरतच नाही. अडचण हीच त्या खेळाची वस्तू आहे.

हे मान्य केलं की जुन्या गेमकडे बघायची एक रीत हाती येते. जुन्या गेममध्ये अडचणी दोन प्रकारच्या असतात. एक निवडलेली अडचण, म्हणजे मुडपलेला पाय. दुसरी नडलेली अडचण. यंत्र तोकडं होतं, पडदा लहान होता, अजून कुणाला चांगली रीत सुचली नव्हती, म्हणून आलेली. जुना गेम घेताना विचारायचं ते हे, की याची निवडलेली अडचण कोणती, आणि ती आज दुसरीकडे कुठे मिळते का?

उदाहरण देतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, १९८९, जॉर्डन मेकनर. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. म्हणून त्या राजपुत्राला वजन आहे. बटण सोडताक्षणी तो थांबत नाही; पावलं टाकून थांबतो. कड्याच्या टोकाला हे लक्षात येतं, आणि बहुधा उशिरा येतं. वर संपूर्ण गेमला साठ मिनिटं. मेलात तर त्या पातळीच्या सुरुवातीला जा, पण गेलेली मिनिटं परत नाहीत. आजच्या मुलाला हे जाचक वाटेल. पण हा जाच म्हणजेच तो गेम. घाई करायची आणि घाईत पाऊल चुकू द्यायचं नाही, ही ती निवडलेली अडचण.

२००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. त्यात चूक झाली की काळ मागे फिरवता येतो. आता हा गेम पहिल्याची सुधारलेली आवृत्ती नव्हे. वाळू मोजकी असते. कोणती चूक पुसायची आणि कोणती सोसायची, ही तिथली अडचण. दोघांचं नाव एक, प्रश्न दोन. नवा खेळला म्हणून जुना खेळायची गरज नाही, असं इथे म्हणता येणार नाही.

याच्या उलट, १९९४ चा ‘सिस्टिम शॉक’. एका अंतराळस्थानकात तुम्ही, आणि ते स्थानक ताब्यात घेतलेली एक माथेफिरू यंत्रबुद्धी. गेम विलक्षण आहे. पण मूळ गेममध्ये वर-खाली बघायलाही वेगळी खटपट करावी लागते. ती भीतीत काही भर घालत नाही. ती नडलेली. २०१५ च्या आवृत्तीत माउस हलवून बघायची सोय झाली, आणि बिघडलं काहीच नाही. इथे नवी आवृत्तीच घ्यावी. मूळच्या नावाने कष्ट उपसण्यात पुण्य नाही.

कुणी विचारेल, निवडलेली कोणती आणि नडलेली कोणती हे बाहेरून कसं ओळखायचं? निर्मात्याच्या मनात कोण शिरणार? शिरायची गरज नाही. १९९९ चा ‘सायलेंट हिल’ बघा. गावभर धुकं आहे. त्याचं एक कारण अगदी तांत्रिक होतं, त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबवरचं दृश्य काढायला झेपत नव्हतं. म्हणजे उगम नडलेला. पण त्या धुक्यातच सगळी भीती राहते. पुढे चार पावलांवर काय आहे ते कळत नाही, हाच खेळ झाला. नाइलाजाने आलेलं धुकं त्या गेमने आपलंसं केलं. म्हणून अडचण कशी आली हे विचारू नये. ती काढली तर काय उरतं, ते विचारावं.

‘सॅन अँड्रियास’चं तसंच झालं. २००४ च्या मूळ गेममध्ये दूरवर धूसर असायचं, म्हणून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं हा प्रवास वाटायचा. २०२१ च्या नव्या आवृत्तीत हवा स्वच्छ झाली, आणि उंचावरून सगळं राज्य एका नजरेत मावायला लागलं. मोठा मुलूख एकदम अंगणाएवढा झाला. शिवाय नवी आवृत्ती येताना जुने गेम दुकानांतून काढले गेले. ओरड झाल्यावर कंपनीने ते आपल्या दुकानात परत ठेवले, आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्तीतही जुन्या आकाशाची सोय दिली. टीका केली तर उपयोग होतो, याचं हे एक बरं उदाहरण.

आता मी एकच घ्यायचा म्हटला तर कोणता घेईन? ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’, १९९९. नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण नाही आणि स्मृतीही नाही. आपल्याच आधीच्या आयुष्यांनी केलेले घोळ त्याच्यापुढे येत राहतात. लॉकच्या हिशेबाने, जे मला आठवत नाही ते करणारा ‘मी’ नव्हे. मग ज्यांचं नुकसान झालं, त्यांना सांगायचं काय? आपल्याकडे पूर्वसंचिताचा विचार आहे, त्यामुळे हा पेच आपल्याला परका नाही. पण वर्गात मी हा पेच समजावून देत असे. इथे प्रत्येक संभाषणात उत्तर निवडावं लागतं आणि त्याचे परिणाम भोगावे लागतात. यातल्या लढाया ओबडधोबड आहेत. त्या नडलेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी बोलून टाळता येतात. लाखो शब्द वाचावे लागतात, ती मात्र निवडलेली अडचण. वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम फुकट मिळाला तरी घेऊ नका.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. माझी सत्तरी उलटली आहे; बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. निवडलेली अडचण माझ्यासाठी भिंत झाली तर? याचं उत्तर आपल्या अंगणातच आहे. लंगडीत लहान भिडूला लिंबूटिंबू म्हणून सूट देतात. सूट त्या भिडूला असते. लंगडी तीच राहते. जुन्या गेमची नवी आवृत्ती अशी असावी. सोपं करायची सोय ज्याला हवी त्याला द्यावी, पण सगळ्यांचेच दोन्ही पाय जमिनीवर टेकवू नयेत. मी हल्ली खुशाल लिंबूटिंबू होतो.

तर घेताना तीन गोष्टी बघा. याची निवडलेली अडचण एका वाक्यात सांगता येते का? न खेळलेल्याला ती कुणाच्या लेखातून, कुणी खेळतानाच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओतून सहसा कळते. ती नंतरच्या एखाद्या गेममध्ये जास्त चांगली मिळते का? मिळत असेल तर तो घ्या. आणि विकली जाणारी आवृत्ती ती अडचण शाबूत ठेवते का?

शेवटी व्यवहाराचं. ऑनलाइन दुकानात ‘खरेदी’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा आपण फक्त वापराचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचा कायदा लागू झाला आहे. पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘गॉग’सारख्या दुकानातून गेमची फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. जो गेम पुन्हा खेळावासा वाटेल, तो शक्यतो असा घ्यावा. ८७ टक्क्यांच्या ढिगात उद्या काय जाईल, सांगता येत नाही.

आणि घेतलेल्या यादीत न खेळलेले शंभर गेम पडून असतील, तर नवा सेल बघायच्या आधी त्यांनाच हे तीन प्रश्न विचारा. दहा उरतील. दहा पुष्कळ झाले. इथे थांबतो, आता तुमचे प्रश्न घेऊ.