नवा डाव आणि हार मानायची मोकळीक

ब्राझिलियन जिउ-जित्सूत आज सर्वांत जास्त प्रयोग होताहेत ते शेवटच्या डावात, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणाऱ्या पकडीत. गळ्याचे आणि कोपराचे नेहमीचे डाव सगळ्यांना पाठ झाले, त्यांची तोडही पाठ झाली. मग आडवाटेचे डाव निघाले. त्यांतले टिकाऊ कोणते आणि नुसते नवलाचे कोणते, हे आता पारखायला हवे.

‘बग्गी चोक’चेच पाहा. बाजूने छातीखाली दाबला गेलेला खेळाडू एरवी सुटायची धडपड करतो. या डावात तो वरच्याच्या मानेवरून हात नेतो, आपलाच एक पाय वर ओढून गुडघ्यामागे धरतो, दुसऱ्या पायाने कुलूप लावतो आणि आवळतो. वरच्याची मान आणि एक खांदा त्या वेढ्यात सापडतो. कसलेला खेळाडू डोके वेळीच काढून घेतो, त्यामुळे हा डाव हुकमी नाही. तरी त्याने एक समज मोडली. दाबून धरणारा सुरक्षित असतो, असे आता कुणी धरून चालत नाही. मला हे या डावाचे खरे यश वाटते.

‘ट्विस्टर’ची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. मुळात ही अमेरिकी शालेय कुस्तीतली चीत करायची पकड. अमेरिकी जिउ-जित्सू खेळाडू एडी ब्राव्होने ती कणा पिळणारा डाव म्हणून जिउ-जित्सूत रुजवली. याच ब्राव्होने 2003 साली एडीसीसी या पकडींच्या कुस्ती स्पर्धेत जिउ-जित्सूतल्या नामवंत रॉयलर ग्रेसीला पायांच्या त्रिकोणी फासात पकडून जगाला चकित केले होते. पुढे 2011 मध्ये कोरियाच्या चॅन संग जंगने यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत ट्विस्टरवर लढत जिंकली. या डावाची सुरुवात होते ती प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय अडकवून मागून त्याच्यावर स्वार होण्याने. आपल्या तालमीतल्या पोराला सवारी कसायची सवय असतेच. म्हणजे निम्मी वाट त्याने आधीच चाललेली असते.

मराठी कुस्तीला हे सारे परके नाही. परंपरेने मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगतात: हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी. त्यांतली जांबुवंती म्हणजे पकडीत जखडून हार मानायला लावणे आणि जरासंधी म्हणजे सांध्यांवर घाव. पुढे कुस्तीचा निकाल चितपटीवर आणि गुणांवर ठरू लागला. गळा आवळणे, हात काटकोनापलीकडे पिळणे हे आंतरराष्ट्रीय कुस्तीत निषिद्ध आहे. ढाक, कलाजंग, निकाल, धोबीपछाड यांना धार चढत गेली आणि जांबुवंती नावापुरती उरली. ज्या डावाला निकालात किंमत नाही, तो कुणी घोटून बसवत नाही. याच्या उलट जपानमधल्या कोसेन ज्युदो स्पर्धांत जमिनीवरच्या लढतीला भरपूर वाव होता, म्हणून त्रिकोणी फास तिथे पिकला. डाव कल्पनेतून सुचतो, पण त्याला वाढवतो तो नियम.

नियमाइतकीच महत्त्वाची आहे ती हार मानायची मोकळीक. 1951 साली रिओत जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या जनकांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसीचा हात पिळला. हेलिओने हार मानली नाही. शेवटी त्याच्या भावाने लढत थांबवली. त्या पकडीला जिउ-जित्सूवाले आजही ‘किमुरा’ म्हणतात. 1976 साली कराचीत गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम याला जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकीने तशाच पकडीत घेतले. अक्रमही मागे हटला नाही आणि हात निकामी करून बसला. आपल्याकडे अशा हट्टाला मर्दानगी म्हणतात. मला तो या कलेचा सर्वांत मोठा शत्रू वाटतो. हार मानल्याची दोन बोटांची थाप देऊन पोरगा सुटला, तरच तो त्याच दिवशी तोच डाव आणखी दहा वेळा करून पाहू शकतो.

टाचेच्या पिळात, म्हणजे ‘हील हुक’मध्ये, हा मुद्दा आणखी गंभीर होतो. पाऊल काखेत अडकवून टाच वळवली की पीळ थेट गुडघ्यात उतरतो. कळ जाणवेपर्यंत स्नायुबंध तुटलेला असू शकतो. म्हणूनच आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो 2021 मध्ये खुला केला तोही गी (जाड कापडाचा पोशाख) नसलेल्या प्रकारात, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टपुरताच. हा सावधपणा मला योग्य वाटतो.

आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत तर या सावधपणाचे मोल दुप्पट आहे. भामरागडच्या पोराचा गुडघा गेला, तर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठायचे म्हणजे तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्याच्या हातून वर्ष जाते, कधी कधी नोकरीही. मोबाइलवर पाहून टाच पिळायला जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: आधी पाठीवरची पकड आणि गळ्याचा फास पक्का करा, टाचेचा पीळ जाणत्या वस्तादाच्या नजरेखालीच शिका, आणि थाप देणाऱ्या जोडीदाराला हसू नका. सवारी आपल्याकडे आहेच. तिच्यातून हार मानायला लावणारा पुढचा डाव विदर्भातल्या आखाड्यातून निघू शकतो, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी वस्तादांनी आठवड्यातला एक दिवस चितपटीचा हिशेब बाजूला ठेवून जांबुवंतीला द्यावा.