'दो आँखें बारह हाथ': बाजारातला मार

व्ही. शांतारामांचा हा १९५७चा चित्रपट लोकांना आठवतो तो जेलर आदिनाथच्या नजरेसाठी. आम्हाला बाजाराचा प्रसंग जास्त खरा वाटतो. सहा कैदी स्वस्तात भाजी विकतात, व्यापाऱ्याची माणसं त्यांना बडवतात, आणि बाबूजींना शब्द दिलाय म्हणून हे हात उचलत नाहीत. कैदी सुधारले हो, पण बाजाराचं काय? त्या प्रश्नापाशी चित्रपट रेंगाळतच नाही. जेलरला हुतात्मा करून मोकळा होतो. ज्या प्रयोगावरून कथा सुचली ते औंध संस्थानातलं, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. म्हणजे सुटकेआधीच चूल, शेजार सगळं सुरू. पडद्यावर मात्र ठळक बाई एकच, खेळणी विकणारी चंपा. तीही बरीचशी गाण्यांपुरती.