बेटावरून आणलेल्या वस्तु

भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा हें गांव नकाशावर चटकन् दाखवूं शकतील असे आमचे वाचक थोडेच असतील. जालना जिल्ह्यांतलें हें गांव समुद्रापासून इतकें दूर आहे कीं, तेथील पुष्कळ वृद्ध माणसांनीं समुद्र पाहिला तो चित्रांतच. अशा ह्या गांवांत गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहिलों होतों. त्यांच्या बैठकीच्या खोलींत एक काचेचें कपाट आहे, आणि त्या कपाटानें आम्हांस हा लेख लिहावयास लाविलें. पुस्तकांचें परीक्षण करणारांनीं मोर-माकडांचें परीक्षण कां करावें, असा प्रश्न कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मध्यम स्थितींतल्या मराठी घरांत हल्लीं पुस्तकांच्या कपाटापेक्षां असल्या कपाटावरची धूळ अधिक निगेनें पुसली जाते. ज्या वस्तु माणसें इतक्या जपतात, त्यांच्या गुणदोषांविषयीं टीकाकारानें मौन धरणें बरें नव्हे.

आमचे स्नेही पेशानें शिक्षक होते; गांवांत त्यांना अजून सारे गुरुजीच म्हणतात. मुलाच्या आग्रहावरून मागल्या हिंवाळ्यांत सारें कुटुंब अंदमानास जाऊन आलें. कपाटांतल्या वस्तु त्या प्रवासाच्या. वरच्या फळीवर शिंपले चिकटवून केलेला मोर आणि शिंपल्यांचाच विजेचा दिवा. मधल्या फळीवर करवंटीचें माकड, प्लास्टरचें सेल्युलर जेल आणि काळ्या रंगाचा एक भालाधारी पुतळा. खालीं एक चिमुकली होडी आणि तांबड्या लाकडाची पेटी. पेटी सोडल्यास प्रत्येक वस्तूवर कोठें ना कोठें सोनेरी अक्षरांत बेटाचें किंवा शहराचें नांव लिहिलेलें आहे.

ह्या वस्तूंची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? महाग कीं स्वस्त, सुबक कीं ओबडधोबड, हे प्रश्न आम्ही दुय्यम मानतों. आम्हांस सुचलेली कसोटी अगदीं साधी आहे. वस्तूवर लिहिलेलें नांव मनांतल्या मनांत पुसून टाकावें, आणि मग ती कोठली हें तिचें तिलाच विचारावें.

मोराला आम्हीं हा प्रश्न विचारला. तो निरुत्तर राहिला. असेच मोर आम्हीं मालवणास पाहिले आहेत, कन्याकुमारीस पाहिले आहेत. शिवाय मोर हा त्या बेटांचा मूळचा रहिवासीही नव्हे. बाहेरून नेऊन सोडलेला तो पक्षी. दिव्याची गोष्ट याहून करुण आहे. त्याच्या बैठकीवर 'पोर्ट ब्लेअर' अशीं अक्षरें आहेत, आणि त्या शहराचें नांव २०२४ सालीं श्रीविजयपुरम् असें करण्यांत आलें. दुकानांत जुना माल उरला होता म्हणून थोडा स्वस्त मिळाला, असें वहिनींनीं सांगितलें. दिव्यांत अंदमानचें म्हणून जें कांहीं होतें तें त्या दोन शब्दांत होतें. एका सरकारी घोषणेनें तेंही गेलें.

"पण आम्हीं तर प्रत्येक दुकानांत तिथलीच वस्तु द्या म्हणून सांगितलें," असें गुरुजी जरा दुखावल्या स्वरांत म्हणाले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हे, आणि दुकानदारानें त्यांना फसविलें असेंही आम्ही म्हणत नाहीं. अंदमानांत 'तिथलें' म्हणजे काय, हा प्रश्नच मोठा अवघड आहे. १८५८ सालीं इंग्रज सरकारनें तेथें कैद्यांची वसाहत घातली. त्या कैद्यांचे वंशज आज तेथले जुने रहिवासी समजले जातात. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशांतून कारेन लोक गेले, रांचीकडचे मजूर जंगलतोडीसाठीं गेले, फाळणीनंतर पूर्व बंगालचीं निर्वासित कुटुंबें सरकारनें तेथें वसविलीं; तामीळ व तेलुगु लोकही कित्येक पिढ्यांपासून आहेत. बंगाली निर्वासिताच्या नातीनें घरच्या ओट्यावर बसून शिंपले चिकटविले, तर ते तिथले नव्हेत असें म्हणावयाचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? तिचें पोट त्यावर चालतें. आमची तक्रार तिच्या जन्मगांवाविषयीं नाहीं. आमची तक्रार अशी कीं, ज्या बेटावर ती जन्मली त्याविषयीं तिला जें ठाऊक आहे त्यांतलें कांहींच तिला त्या मोरांत घालतां आलें नाहीं. मोर कसा असावा हें गिऱ्हाइकानें आधींच ठरवून ठेविलें होतें.

सेल्युलर जेलच्या प्रतिकृतीविषयीं मात्र इतक्या सौम्यपणें लिहवत नाहीं. मराठी वाचकाला अंदमान प्रथम कळलें तें सहलीच्या जाहिरातींतून नव्हे. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तेथें कैदेंत होते, आणि त्यांचें 'माझी जन्मठेप' १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून कोलू आणि छिलका हे शब्द आपल्या घराघरांत गेले. त्या काळीं बेटावर हातांनीं तयार होणाऱ्या वस्तु म्हणजे नारळाचें तेल आणि काथ्याचे दोर. त्या कोणीं आठवण म्हणून विकत घेतल्या नाहींत, आणि करणारांनाही त्यांची आठवण नको असेल. गुरुजींच्या कपाटांतल्या जेलला सातही बाहू आहेत. प्रत्यक्षांत आज तीनच उभे आहेत. ही अतिशयोक्ति एक वेळ क्षम्य आहे. परंतु मधल्या मनोऱ्याला वरून एक भोंक ठेविलें आहे, आणि तें कशाकरितां असें विचारतां कळलें कीं, तें लेखणी ठेवण्याकरितां! ज्या मनोऱ्यावरून रात्रंदिवस पहारा होता, त्याची दौतदाणी करणाऱ्या कल्पकतेपुढें टीकाकारानें काय लिहावें?

भालाधारी पुतळ्यास तर आम्ही हातही लाविला नाहीं. कमरेला पानें, डोळे वटारलेले, ओठ लाल. जारवा, ओंगी, सेंटिनेली अशा ज्या अत्यल्पसंख्य लोकांच्या नांवावर असले पुतळे विकले जातात, त्यांतल्या जारवांची शिकार धनुष्यबाणाची. हा भाला सिनेमांतून आला असला पाहिजे. ह्या लोकांच्या रक्षणार्थ सरकारनें १९५६ सालींच नियम केला आणि त्यांच्या राखीव प्रदेशांत बाहेरच्यांस मज्जाव केला. तरीही २०१२ सालीं एक चित्रफीत उघडकीस आली. तींत प्रवाशांसमोर जारवा स्त्रियांना खाण्याच्या लालुचीनें नाचावयास लाविलेलें दिसत होतें. देशभर संताप झाला. परंतु त्या चित्रफितींतली दृष्टि आणि ह्या पुतळ्यांतली दृष्टि निराळी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. गुरुजींनीं तो नातवासाठीं घेतला होता. आमचें बोलणें ऐकून ते कांहीं वेळ गप्प बसले. संध्याकाळीं पाहतों तों पुतळा कपाटांतून नाहींसा झालेला. आम्हीं विचारलें नाहीं.

होडीनें मात्र आम्हांस पुष्कळ शिकविलें. ती निकोबारी होडीची नक्कल. निकोबारी लोक आपल्या होडीस 'होडी'च म्हणतात, हें ऐकून कोंकणी वाचकास मौज वाटेल. आणि आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें तिलाही उलांडी असते, म्हणजे होडी कलंडूं नये म्हणून बाजूस बांधलेलें आडवें लाकूड. निकोबारी होडीची उलांडी एकाच बाजूस असते. गुरुजींच्या होडीला ती दोन्ही बाजूंस होती. हें कसें झालें तें आमच्या ध्यानांत यावयास वेळ लागला. खऱ्या होडीला लाट सांभाळावयाची असते. ह्या होडीला फळीवर उभें राहावयाचें आहे. एका उलांडीनें ती पडली असती. कारागिराची ही युक्ति हुषारीची खरी, पण ती युक्ति कपाटाची आहे, समुद्राची नव्हे.

निकोबारांत चावरा नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथल्या स्त्रिया मातीचीं मडकीं घडवीत. आजूबाजूच्या बेटांवरील लोकांनीं तीं स्वतः न करतां चावऱ्याहूनच न्यावयाचीं, अशी जुनी रीत होती. नांव पुसलें तरी जें आपलें बेट सांगेल असें मडकें तें हें. परंतु गुरुजींना तें मिळतें कसें? निकोबारांत सहलीच्या प्रवाशांना प्रवेश नाहीं, आणि आमच्या मतें तेंच योग्य आहे. ह्यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे: बेटांवर जें खरोखर तिथलें म्हणून घडत आलें तें प्रवाशांच्या वाटेवर येत नाहीं, आणि जें वाटेवर येतें तें प्रवाशांच्याच कल्पनेंतून घडलेलें असतें.

अपवाद त्या तांबड्या पेटीचा. ती पडौकाच्या लाकडाची आहे, आणि पडौक हें अंदमानच्या जंगलाचेंच झाड. तिच्यावर नक्षी नाहीं, नांव नाहीं. हातांत घेतां आकाराच्या मानानें जड लागते. झांकण असें बसतें कीं, मिटतांना आंतली हवा हलकेच बाहेर पडलेली ऐकूं येते. घरांत तिचें विशेष कौतुक नाहीं, कारण "असल्या पेट्या आपल्याकडेही मिळतात" असें वहिनींचें मत. मिळत असतील, पण ह्या लाकडाच्या नव्हेत. कपाटांत सर्वांत कमी बोलणारी ही वस्तु. पण कसोटीला उतरली ती हीच.

दुसऱ्या दिवशीं गुरुजी आम्हांस भोकरदनला घेऊन गेले. केळणेच्या कांठचें हें तालुक्याचें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथल्या लोकांनीं दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर आहेत. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें, आणि त्यांत एका स्त्रीमूर्तीचा खंडित हस्तिदंती भाग सांपडला. ह्या तुकड्याची कथा मोठी आहे. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं एका घरांत सुमारें वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. प्रथम कित्येकांस ती मथुरेची वाटली. पुढें तेर येथील अशीच मूर्ति आणि भोकरदनचा हा तुकडा तिच्याशेजारीं ठेवून पाहतां, ती ह्याच भागांतल्या कारागिरांच्या हातची असावी, असा अनेक विद्वानांचा कल झाला. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तेथून जहाजांवर चढे, हें त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांतही आहे.

मूर्तीच्या बुडाशीं एक अक्षर कोरलेलें आहे, पण तें गांवाचें नांव नव्हे. म्हणजे एकोणीस शतकांनंतर तिला "तूं कोठली?" असें विचारलें गेलें, आणि तिनें आपल्या वेणीवरून, कमरपट्ट्यावरून, पायांतल्या जड वाळ्यांवरून उत्तर दिलें. येथें आमच्या एका समजुतीस धक्का बसला तोही सांगितला पाहिजे. परक्यांस विकण्यासाठीं केलेली वस्तु हीणच असावयाची, असें केदारखेड्यास येईपर्यंत आम्ही मानीत होतों. परंतु ही मूर्ति बाजारासाठींच घडविली असण्याचा पुष्कळ संभव आहे. बहुधा ती एखाद्या आसनाचा किंवा मेजाचा भाग असावी. भोगवर्धनच्या कारागिराला रोमन गिऱ्हाईक ठाऊक नसेल असें नाहीं. पण त्यानें रोमन स्त्री कोरली नाहीं, आणि रोमन माणसाच्या कल्पनेंतली भारतीय स्त्रीही कोरली नाहीं. त्याच्या गांवांतल्या बायका जसे दागिने घालीत तसे त्यानें कोरले. हस्तिदंताचा व्यापार आज बंद आहे आणि तो बंदच राहावा; पण त्या कारागिराची बेपर्वाई आमच्या शंखशिंपल्यांच्या बाजाराला थोडी उसनी मिळाली तर हवी आहे.

अजिंठ्याच्या पायथ्याशीं विकावयास येणाऱ्या मालाविषयीं पुष्कळ लिहितां येईल. तेथें लेण्यांच्या दगडांतले स्फटिक आणि मऊ दगडाचे जाळीदार हत्ती शेजारीं शेजारीं मांडलेले असतात. हत्ती आगऱ्याकडचे, स्फटिक आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटांतले. बहुतेक गिऱ्हाइकें हत्ती घेतात.

परत आल्यावर गुरुजींच्या मातोश्रींशीं बोलणें झालें. वय ऐंशीच्या पुढें. अंदमानास त्या गेल्या नव्हत्या. मुलानें त्यांच्यासाठीं एक मोठा शंख आणला होता, दुकानांतून, पावतीसह. नातवानें वाळूंतून उचललेला प्रवाळाचा पांढरा तुकडा विमानतळावर काढून घेण्यांत आला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत २००१ सालीं प्रवाळ व कित्येक जातींचे शंख घातले गेले, हें त्या कुटुंबाला तेथें कळलें. शंखावर नांव नव्हतें म्हणून तो कपाटांत गेला नाहीं. आजी देवघरापुढें बसून कापसाच्या वाती वळीत होत्या, आणि पंख्याच्या वाऱ्यानें कापूस उडूं नये म्हणून तो शंख त्यावर ठेविला होता.

आम्हीं तो उचलून कानाशीं धरला व समुद्राचा आवाज ऐकूं येतो म्हणून सांगितलें. आजींनीं तोही ऐकला असावा, कारण त्यांना त्याचें नवल वाटलें नाहीं.

"ते खरं," त्या म्हणाल्या. "पण बाबा, ह्याच्यातला जीव कुठं गेला?"

गुरुजींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं शंख कापसावर परत ठेविला; तेवढ्या वेळांत दोन वाती उडून उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या, त्या वहिनींनीं आणून दिल्या.