बाँब निकामी करण्याचे पुण्य

जपानच्या राज्यघटनेचे २१वे कलम सेन्सॉरशिपला मनाई करते. त्यामुळे तेथे व्हिडिओ गेमना प्रमाणपत्र देणारे सरकारी मंडळ नाही. ते काम गेम-उद्योगानेच २००२ साली उभी केलेली ‘सेरो’ ही संस्था करते. प्रांतिक सरकारे आपापल्या नियमांनुसार मुलांना होणाऱ्या विक्रीवर बंधने घालतात. २००५मध्ये कानागावा प्रांताने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा खेळ मुलांसाठी हानिकारक ठरवला. पुढच्याच वर्षी ‘सेरो’ने केवळ प्रौढांसाठीची ‘झेड’ श्रेणी आणली.

पण काही दृश्ये ‘झेड’मध्येही बसत नाहीत. ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’च्या निर्मात्यांनी कात्री लावण्यास नकार दिला आणि २०२२मध्ये तो भीतीदायक खेळ जपानमध्ये प्रकाशित झालाच नाही. कॅपकॉमने २०१७मध्ये ‘बायोहझार्ड ७’च्या सौम्य आणि ‘ग्रोटेस्क’ अशा दोन आवृत्त्या विकून व्यापारी तोड काढली. तेथे निदान निवड ग्राहकाच्या हाती राहिली.

‘फॉलआउट ३’ (२००८) या अमेरिकी खेळाची गोष्ट वेगळी. अणुयुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉशिंग्टनच्या परिसरातील एका वस्तीच्या मधोमध न फुटलेला अणुबाँब पडून आहे. मूळ खेळात बर्क नावाचा माणूस तो फोडण्यासाठी पैसे देऊ करतो. शेरीफ तो निकामी करायला सांगतो. खेळणाऱ्याने ठरवायचे. जपानी आवृत्तीत बर्क नाही, बाँब फोडताही येत नाही. शिवाय ‘फॅट मॅन’ या शस्त्राचे नाव बदलले आहे.

नावातील बदल मला योग्य वाटतो. नागासाकीवर पडलेल्या बाँबचे ते नाव. मृतांच्या स्मृतीपुढे खेळाने एवढे नमते घ्यावे. पर्याय काढून टाकणे मात्र निराळे. खेळ हे माध्यम कादंबरी-चित्रपटाहून वेगळे ठरते ते कृती वाचकाच्या हाती असते म्हणून. लोभाला बळी पडण्याची वाट उघडी असते, तेव्हाच बाँब निकामी करण्याला नैतिक वजन येते. ती वाट बुजवली की उरते ते तांत्रिक काम. अण्वस्त्रांविषयी ज्या समाजाला सर्वाधिक सांगण्यासारखे आहे, त्याच समाजातील प्रौढ खेळाडूपुढून हा प्रश्न उचलला गेला, आणि तोही ‘झेड’ श्रेणीच्या खेळात.

सरकारी बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येते. इथे आव्हान द्यावे असा हुकूमच नाही. मूळ आवृत्ती न पाहिलेल्या खेळाडूला तर काही गाळले गेल्याचे कळतही नाही. घटनेने सरकारचा हात रोखला. उद्योगाच्या सावधगिरीला रोखणारे कलम कुठेच नाही.