अजेयतेची धून : आवर्तन आणि अवधी

वाग्नरच्या संगीतनाट्यांच्या चर्चेतून रूढ झालेली 'लाइटमोटिफ' ही संज्ञा व्हिडिओ गेमच्या संगीताबाबत इतक्या सैलपणे वापरली जाते की, एखादी धून दोन ठिकाणी ऐकू आली की तिला हे नाव बहाल होते. (संज्ञा मुळात वाग्नरची नव्हे, हान्स फोन व्होल्झोगेन याच्या विवेचनामुळे ती प्रचलित झाली. तेव्हा हा सैलपणाही काही आजचा नाही.) निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ' मालिकेतील अजेयतेच्या धुनेला असेच लाइटमोटिफ ठरवून तिचा अर्थ 'शक्ती' असा सांगितला जातो. हा अर्थ अपुरा आहे. एवढेच नव्हे, तर मालिकेतील या धुनेचा पुढील प्रवास त्याला अनेक ठिकाणी खोटे पाडतो.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात मारिओला उड्या मारत जाणारा एक तारा पकडता येतो. तो मिळताच चालू असलेले संगीत खंडित होते आणि कोजी कोंडो यांनी रचलेली एक अगदी छोटी धून सुरू होते. तिच्यात लगतचे दोन स्वरसंघ आलटून पालटून येत राहतात. या झुलण्याला मुक्काम असा नाहीच. आपल्याकडील संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर तिला आवर्तन आहे. परंतु जिच्यावर येऊन विसावावे अशी सम नाही. ही धून संपत नाही, ती बंद केली जाते. ताऱ्याचा प्रभाव दहा-बारा सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात शत्रू मारिओच्या नुसत्या स्पर्शाने नष्ट होतात. दरीत पडल्यास मात्र मारिओ मरतोच, आणि घड्याळही थांबत नाही. अजेयता हा शब्द येथे आरंभापासूनच सोपाधिक आहे.

यापुढील तपशील या धुनेच्या अर्थनिर्णयात कळीचा ठरतो. खेळाच्या रचनेत धून आणि प्रभाव एकाच क्षणी संपत नाहीत. प्रभाव संपण्याच्या किंचित आधी धून थांबते आणि नेहमीचे संगीत परतते. त्यानंतरचा सेकंद-दीड सेकंद मारिओ अजेय असतो, पण संगीत तसे सांगत नाही. वाग्नरच्या 'दास राइनगोल्ड'च्या अखेरीस तलवारीचे आशयसूत्र ऐकू येते तेव्हा तलवारीचा उल्लेखही झालेला नसतो; तेथे संगीत वस्तूच्या आधी येते. येथे संगीत शक्तीच्या आधी निघून जाते. पहिल्या प्रकारात श्रोत्याला भविष्याची चाहूल लागते, तर दुसऱ्यात खेळाडूला सावध केले जाते. अभिधेच्या पातळीवर ही धून 'तू अजेय आहेस' असे म्हणते. तिची व्यंजना मात्र 'हे सरत आले आहे' अशी आहे. सरावलेला खेळाडू धून ऐकतो तेव्हा तिचा थांबण्याचा क्षणच ऐकत असतो.

लाइटमोटिफची कल्पना येथे अपुरी पडण्याचे आणखी एक कारण आहे. बायरॉइटमधील प्रेक्षक वाद्यवृंदात ढवळाढवळ करू शकत नाही. फॅमिकॉम यंत्रावरील या खेळाचे संगीत दोन पल्स, एक त्रिकोणी तरंग आणि एक नॉइज अशा चार स्वरस्रोतांवर बेतलेले आहे, आणि मारिओने उडी मारली की त्या उडीचा आवाज यांपैकी एक पल्स-स्रोत क्षणभर बळकावतो. म्हणजे खेळाडू जितक्या उत्साहाने शक्ती वापरील तितकी तिची धून फाटत जाते. हा तांत्रिक मर्यादेचा परिणाम आहे, हे खरे. तथापि तांत्रिक मर्यादेतून अर्थ निष्पन्न होत नाही असे मानणारी समीक्षा छंदःशास्त्रालाही मुकेल.

१९८९ च्या 'सुपर मारिओ लँड'मध्ये, म्हणजे गेम बॉयवर, तारा आणि अजेयता कायम राहिली, धून बदलली. हिरोकाझू तनाका यांच्या संगीतात येथे ओफेनबाखच्या 'ऑर्फे ओ-झांफेर' (१८५८) मधील, पुढे कँकॅन नृत्याशी निगडित झालेला, गॅलप वाजतो. हा प्रयोग गमतीदार आहे. परंतु तो फिकाही वाटतो, आणि का ते सांगता येते. गॅलप ठरावीक मात्रांनंतर निश्चितपणे विसावतो. त्याच्यासोबत पॅरिसच्या रंगभूमीची आठवण येते आणि हसू येते, पण टांगलेपण येत नाही.

१९९६ चा 'सुपर मारिओ ६४' याच्या उलट वागतो. तेथे तारा ही तात्पुरती शक्ती राहिलेली नाही. तो साध्य आहे. असे १२० तारे गोळा करावयाचे असतात, आणि मिळालेला तारा हातचा जात नाही. जुनी धून मात्र ताऱ्याबरोबर गेली नाही. ती नव्या साजात पंखांच्या टोपीला मिळाली. ही टोपी उडण्याचे सामर्थ्य देते, अजेयता देत नाही. पण तिचा काळ मोजलेला आहे. चिन्हक आणि चिन्हित यांच्या या फारकतीत धुनेने वस्तूही सोडली आणि शक्तीचा प्रकारही सोडला. राखला तो केवळ अवधी. याच खेळातील धातूची टोपीही तात्पुरती आहे, शिवाय ती मारिओला खरोखर अभेद्य करते, आणि तरीही तिला वेगळीच धून आहे, ही अडचण नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक तात्पुरत्या शक्तीला ही धून मिळते असे नव्हे. पण धून 'अजेयता' दर्शवीत असती तर तिच्यावर पहिला हक्क धातूच्या टोपीचाच होता.

'सुपर मारिओ गॅलक्सी'त (२००७) इंद्रधनुषी ताऱ्यासोबत धून पुन्हा अजेयतेकडे परतते. धावता धावता मारिओचा वेग वाढत जातो, आणि वेग हाती येतो न येतो तोच वेळ सरलेली असते.

'मारिओ कार्ट ८'मध्ये (२०१४) ऐकणारा बदलतो. शर्यतीत तारा दुसऱ्याला मिळालेला असतो आणि तो मागून जवळ येऊ लागला की धून ऐकू येते. १९८५ मध्ये मारिओला सामोऱ्या येणाऱ्या शत्रूंना ती ऐकू येत होती की नाही, हा प्रश्न तोवर कोणाला पडण्याचे कारण नव्हते. आता खेळाडू त्यांच्या जागी आहे. धून तीच आहे. तिच्या थांबण्याची वाट मात्र आता तो आशेने पाहतो.