मुदतपूर्तीनंतरची बाटली

वाइनवर समीक्षा लिहायचा अस्मादिकांना अधिकार काय? बी.कॉम., सेकंड क्लास, आणि बोरिवलीच्या शाखेत मुदत ठेवींचं काउंटर. पण २०२२च्या दिवाळीत मेहुण्याने स्पेनहून रिओहाच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलावर ‘ग्रान रेझेर्वा २०११’. नियम ऐकला आणि गोष्ट आपल्याच खात्यातली निघाली. ग्रान रेझेर्वा म्हणजे किमान ५ वर्षांची ठेव. त्यातली निदान २ वर्षं ओकच्या पिपात, २ बाटलीत. मधेच मोडायची सोय नाही. द्राक्षाचं नाव टेम्प्रानिल्यो, तेही ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरून पडलेलं!

पहिली बाटली त्याच रात्री उघडली. रंगाला कडेने विटकरी झाक, जुन्या शालूसारखी. जाणकार म्हणे अशा वाइनमध्ये चामडं आणि तंबाखू हुंगतात. ते आम्हाला ८.१२च्या लोकलमध्ये फुकट मिळतं. माझ्या नाकाला आलं सुकं अंजीर, जायफळ आणि चक्क सुकं खोबरं. खोबरं खोटं नव्हे बरं का! रिओहात अमेरिकन ओकची पिपं वापरायची जुनी रीत आहे, त्या लाकडातून ते उतरतं. दिंडोरीकडचं तरुण टेम्प्रानिल्यो मी एकदा चाखलंय. कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. इथे तुरटपणा मऊ झालेला, आंबटपणा मात्र शाबूत. आप्पा म्हणाले, “आवाज चढवत नाही, पण मुद्दाही सोडत नाही.” एक उणं सांगतो. मालवणी मटणापुढे बाई अगदी गप्प झाल्या. नुसत्या चीजच्या तुकड्याशी छान बोलत होत्या.

दुसरी बाटली आप्पांच्या पंचाहत्तरीसाठी मी रिन्यू केली. ५ वर्षांत एवढं व्याज, तर आणखी ३ वर्षांत किती! ठेवली माळ्यावर, ट्रंकेशेजारी, उभी. तिला हवा १२-१५ अंशांचा गारवा आणि आडवं अंथरूण. मी दिले बोरिवलीचे तीन मे महिने. गेल्या वर्षी उघडायला घेतली तर बूच वर सरकलेलं. आत उकळलेल्या मनुकांचं पाणी, मागून व्हिनेगर. खोबरं नाही, अंजीर नाही.

आप्पांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. “ही म्हातारी नाही रे, आजारी आहे. तेव्हाच प्यायलो असतो की!”

मी काही बोललो नाही. मेहुणा परत यायचाय. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली भाजी हलवायला आमची ही तयार नाही, आणि आप्पा दर रविवारी विचारतात, तो नक्की कधी येतोय?